991 सालच्या इंग्लंडमधला नांगऱ्या मराठीत कसा बोलेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कादंबरी इ.स. 991च्या एसेक्समध्ये घडते. नायक एका नांगरणाऱ्याचा मुलगा आहे, त्याला गाणी रचायची ओढ आहे आणि शेवट मॉल्डनच्या लढाईत होतो, जिथे एसेक्सचे लोक समुद्रातून आलेल्या डेन्सशी, म्हणजे व्हायकिंग हल्लेखोरांशी लढले. संवाद लिहायला बसलं की ते एकतर शिवकालीन कादंबरीसारखे होतात, नाहीतर आजच्या कॉलेजच्या कट्ट्यावरचे वाटतात. म्हणून तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: जुनी मराठी वापरावी का, आणि त्या काळचं इंग्रजी साहित्य वाचायलाच हवं का, की इतिहासाची पुस्तकं पुरतील.

मी सव्वीस वर्षं आरंभीचं इंग्रजी साहित्य शिकवलं आणि त्या काळावर मराठीत दोन कादंबऱ्या लिहिल्या. माझ्या अनुभवात हे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्या मुलानं आयुष्यात काय काय पाहिलंय, कशाला हात लावलाय, काय खाल्लंय, हे तुम्हाला माहीत असेल तर त्याच्या तोंडची मराठी आपोआप जागेवर येते. ते माहीत नसेल तर शब्द कितीही जुने घ्या, उपयोग होत नाही. आणि ते कळण्याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे त्या लोकांनी स्वतः लिहून ठेवलेलं साहित्य.

काही गोष्टी तुमच्या रचनेवर अवलंबून आहेत, ते आधीच सांगते. निवेदक कोण आहे? तो मुलगा स्वतः सांगतोय, की आजचा लेखक सांगतोय? वाचक कुमारवयीन आहेत की प्रौढ? खाली जे लिहितेय ते प्रौढ वाचकांसाठीच्या, मुलाच्या नजरेतून सांगितलेल्या कादंबरीला धरून आहे.

तुम्ही नमुन्याला दिलेलं वाक्यच घेऊ: ‘महाराज, आज्ञा करावी. हा सेवक प्राण पणाला लावील!’ व्याकरणात काही चूक नाही. पण ‘महाराज’ म्हटल्याबरोबर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे रायगड उभा राहतो, आणि ‘पणाला लावणं’ थेट कौरवांच्या द्यूतसभेत नेतं. एसेक्सची ओली हवा, चिखल, भरतीचं पाणी यातलं काहीच येत नाही. बखरीच्या मराठीचं हेच होतं. फौज, हुकूम, खलिता, किल्लेदार हे शब्द आपल्याला ऐतिहासिक वाटतात, कारण आपला इतिहास त्या शब्दांत लिहिला गेला. एसेक्सला त्यांच्यासोबत एक अख्खा दरबार फुकट जातो, जो तिथे कधी नव्हता. किल्लेदार कुठून आणणार? इंग्लंडभर किल्ल्यांचं जाळं उभं राहिलं ते 1066 नंतर, फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांच्या हातून. मॉल्डन हे मातीचा बांध आणि लाकडी कूड घातलेलं तटबंदीचं गाव होतं.

म्हणजे फारसी-अरबी शब्द सगळे गाळायचे का? तसं नाही. मी शब्दाची व्युत्पत्ती बघत नाही, शब्द ऐकल्यावर कोणतं चित्र उभं राहतं ते बघते. ‘गुलाम’ हा शब्द अरबीतून आलेला असूनही मी ठेवते, कारण ‘दास’ म्हटलं की रामदास आठवतात आणि गुलामगिरीतली क्रूरता निघून जाते. उलट मालकाला हाक मारायला ‘सरकार’पेक्षा ‘धनी’ बरा. गडीमाणसाच्या तोंडात तो शब्द शोभतो आणि त्याच्यामागे कुठला दरबार उभा राहत नाही.

सगळ्यात जास्त घात करतात ते वाक्प्रचार. ते इतके सवयीचे असतात की त्यांच्या पोटातली वस्तू आपल्याला दिसतच नाही. ‘विडा उचलला’ लिहिलं की एसेक्समध्ये नागवेलीचं पान आलं. ‘अक्षता पडल्या’ म्हटलं की तांदूळ आले. नारळ देणं, संक्रांत येणं, श्रीगणेशा करणं, पाचवीला पुजणं, सगळ्यांचं तेच. हस्तलिखित पूर्ण झालं की मी फक्त याच एका गोष्टीसाठी ते पुन्हा एकदा वाचते, हातात लाल पेन्सिल घेऊन.

पण वाक्प्रचार नुसता खोडून भागत नाही, त्या जागी त्यांचा स्वतःचा ठेवावा लागतो. मूळ साहित्य वाचायचं ते त्यासाठी. विड्याचंच उदाहरण घ्या. भर सभेत, सगळ्यांसमक्ष, मी हे करीन असं बोलून स्वतःला बांधून घेण्याची प्रथा त्या लोकांत होती. त्या बोलण्याला ते ‘बेओट’ म्हणत. मॉल्डनच्या लढाईवर त्या काळच्या इंग्रजीत एक कविता आहे; तिच्यात इंग्रजांचा सेनापती बिर्टनॉथ पडल्यावर एक तरुण योद्धा बाकीच्यांना काय आठवायला सांगतो? बाकांवर बसून मध पिताना आपण ज्या मोठमोठ्या गोष्टी बोललो, त्या आठवा; आता कोण खरा आहे ते कळेल. इथे मध म्हणजे मधापासून आंबवलेली दारू. आपल्याकडे माणूस खाल्ल्या मिठाला जागतो, त्यांच्याकडे तो प्यालेल्या मधाला जागायचा. भावना तीच, वस्तू निराळी. ती वस्तू सापडली की संवाद सापडला.

आणखी एक शब्द सांगते, तो तुम्हाला कादंबरीभर पुरेल. आज ज्याला लॉर्ड म्हणतात तो शब्द मुळात ‘ह्लाफवेआर्ड’, म्हणजे भाकरी राखणारा. लेडी या शब्दाच्या मुळाशी पीठ मळणारी आहे. आणि केंटच्या फार जुन्या कायद्यात आश्रिताला भाकरी खाणारा म्हटलंय. मालक, मालकीण आणि आश्रित, तिघांचं नातं एका भाकरीभोवती बांधलेलं. आपला ‘अन्नदाता’ इथे जवळजवळ तसाच बसतो, फक्त भाषणबाजीत वापरून तो गुळगुळीत झालाय. मी तो शब्द टाळते आणि नातं दाखवते: ‘मी त्याची भाकर खाल्ली.’ चार शब्दांत काम होतं.

आता तुमच्या नायकाच्या बापाकडे येऊ, कारण त्याचा आवाज खरोखर लिहून ठेवलेला आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस एल्फ्रिक नावाच्या मठातल्या शिक्षकानं मुलांना लॅटिन बोलायला शिकवण्यासाठी एक संवाद रचला. मुलांनी एकेक सोंग घ्यायचं, कुणी मेंढपाळ, कुणी कोळी, कुणी व्यापारी, आणि गुरुजींच्या प्रश्नांना लॅटिनमध्ये उत्तरं द्यायची. एका हस्तलिखितात ओळींच्या मधोमध बारीक अक्षरात त्या काळच्या इंग्रजीतले अर्थ लिहिलेत. त्यात नांगऱ्या म्हणतो की धनी, मला फार राबावं लागतं. उजाडताच बैल हाकत रानात जायचं आणि औत जुंपायचं. हिवाळा कितीही कडक असो, धन्याच्या धाकानं घरात दडून बसायची सोय नाही. बैल जुंपून, फाळ आणि माती उभी चिरणारं पातं नांगराला घट्ट बसवून, रोज एक एकर किंवा जास्त नांगरलंच पाहिजे. सोबत कोणी आहे का, असं गुरुजी विचारतात. तो सांगतो, एक पोरगा आहे, पराणी घेऊन बैल हाकतो. थंडीनं आणि ओरडून ओरडून त्याचा आवाज बसलाय. मग बैलांच्या गव्हाणी भरायच्या, त्यांना पाणी दाखवायचं, शेण काढायचं. आणि शेवटी कारण सांगतो: फार कष्ट आहेत, कारण मी मोकळा नाही.

हे वाचताना एक गोष्ट लक्षात आली का? जू, फाळ, पराणी, गव्हाण, शेण. यातला एकही शब्द मला शोधावा लागला नाही. आजच्या शहरी इंग्रजी वाचकाला यातल्या निम्म्या वस्तू टीप देऊन समजावाव्या लागतात. मराठी वाचकाच्या घरात निदान आजोबांच्या आठवणीत तरी त्या असतात. आपल्याकडेही काळ्या रानात लाकडी नांगराला तीन-चार बैलजोड्या जुंपत, त्यामुळे आठ बैलांचा जड नांगर आपल्याला परका नाही. ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. राजसभा लिहिताना चाचपडाल, पण शेत लिहिताना तुमची मराठी इंग्रजीपेक्षा त्या माणसाच्या जास्त जवळ आहे. आणि तो आवाज बसलेला पोरगा! तुमचा नायक तोच असू शकतो. ज्याला गायचंय त्याचा गळा बैलांवर ओरडून फाटलेला आहे. हे मला कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकातून सुचलं नसतं.

‘तू’ आणि ‘तुम्ही’चा पेच तुम्ही विचारला नाहीत, पण पाचव्या पानावर तो येणारच. त्या काळच्या इंग्रजीत एका माणसाला ‘थू’ आणि अनेकांना ‘ये’ म्हणत. आदरार्थी बहुवचन नव्हतंच. ती रीत पुढे फ्रेंचच्या प्रभावानं आली. म्हणजे नांगऱ्याही धन्याला तूच म्हणायचा, आणि आदर दाखवायला ‘लेओफ’, म्हणजे प्रिय, हा शब्द जोडायचा. मराठीत गड्यानं धन्याला ‘तू’ म्हटलं की तो उर्मटपणा वाटतो. पण आपण विठोबाला तू म्हणतो आणि आईलाही तूच म्हणतो, तेव्हा आदर असूनही ‘तू’ म्हणायची वाट मराठीत आहे. पहिल्या कादंबरीत मी घाबरून सगळीकडे ‘तुम्ही’ ठेवलं. दुसरीत पहिल्याच प्रकरणात ‘धनी, तू’ असं लिहिलं आणि तिथल्या तिथे म्हातारा गडी किती अदबीनं उभा आहे ते दाखवलं. दहा पानांत वाचकांना सवय झाली. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो. पण तुमच्या कादंबरीत नॉर्मन किंवा नंतरच्या पिढ्या येणार असतील, तर ‘तुम्ही’ त्यांच्यासाठी राखून ठेवा; फरक कानाला ऐकू येईल.

समुद्रातून आलेल्या डेन्सच्या बोलीचं काय करायचं? मॉल्डनच्या कवितेत त्यांचा दूत नदीपलीकडून ओरडून खंडणी मागतो. त्याच्या बोलण्यात अभ्यासकांना डेन्सच्या नॉर्स भाषेची वळणं दिसतात, म्हणजे त्या कवीलाही परक्याचं बोलणं वेगळं ऐकवायचं होतं. मोह होतो की त्याला मालवणी किंवा वऱ्हाडी द्यावी. मी देत नाही. बोली आली की जिल्हा येतो, आणि वाचक मनानं सावंतवाडीला नाहीतर अकोल्याला जाऊन बसतो. मी त्याची वाक्यं तोडते, जोडणारे शब्द काढते, क्रियापदं कमी ठेवते: ‘सोनं द्या. मग शांतता. आम्ही जहाजावर. तुम्ही घरी.’ परकेपणा एवढ्यानं पुरेसा कळतो.

जुन्या मराठीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. करुनि, जाहला, वदला असे शब्द पेरू नका. त्या लोकांना स्वतःची भाषा जुनी वाटत नव्हती. मात्र लीळाचरित्राची दहा-वीस पानं मोठ्यानं जरूर वाचा, शब्दांसाठी नव्हे, वाक्यांच्या लांबीसाठी. छोटी वाक्यं, एका वाक्यात एक कृती, आणि भावना सांगायच्या ऐवजी माणूस काय करतो ते. मॉल्डनची कविताही तेच करते. सुरुवातीलाच एक तरुण हातावरचा लाडका ससाणा रानाकडे सोडून देतो आणि लढायला पुढे होतो. तो आता मागे फिरणार नाही, हे कवीनं एवढ्यावरच सांगितलंय.

आता बेओवुल्फ, म्हणजे जुन्या इंग्रजीतलं दीर्घ वीरकाव्य. वाचाच, पण तुमच्या नायकाचं घर कसं होतं ते कळावं म्हणून वाचू नका. ती कविता इंग्रजीत असली तरी घडते डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये, आणि तिच्यातल्या एका राजाचा मृत्यू सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातला आहे. तिची एकमेव हस्तलिखित प्रत मात्र इ.स. 1000च्या आगेमागे लिहिलेली, म्हणजे जवळपास तुमच्या नायकाच्या काळातली. याचा अर्थ असा की बेओवुल्फ ही स्वतःच एक ऐतिहासिक कथा आहे. एक ख्रिस्ती कवी आपल्या बिगरख्रिस्ती पूर्वजांची गोष्ट सांगतोय, तुमच्या पुढ्यात आहे तोच पेच त्याच्यापुढेही होता. त्यानं काय केलं ते बघा. त्याची पात्रं देवाचं नाव घेतात, बायबलमधली केन आणि एबलची जुनी गोष्टही कवितेत येते, पण 3182 ओळींत ख्रिस्ताचं नाव एकदाही येत नाही. ते नाव त्या माणसांच्या कानावर गेलेलं नसणार, म्हणून त्यानं ते त्यांच्या तोंडी घातलं नाही. कवी स्वतः जे जाणतो आणि पात्र जे जाणू शकतं यांच्यात त्यानं रेघ आखली आणि ती शेवटपर्यंत पाळली. मी विद्यार्थ्यांना ही कविता याच एका गोष्टीसाठी पुन्हापुन्हा वाचायला लावत असे.

त्या कवितेतले जोडशब्दही मराठीत छान उतरतात. समुद्र म्हणजे देवमाशाची वाट, शरीर म्हणजे हाडांचं घर. ‘अस्थिगृह’ करू नका. संस्कृत झालं की ते दगडी देवळासारखं होतं. ‘हाडांचं घर’ म्हणा, मुलाच्या तोंडात ते जिवंत राहतं.

वस्तूंसाठी मात्र एक्सेटरच्या पोथीतली कोडी वाचा. लेओफ्रिक नावाच्या बिशपनं ही पोथी एक्सेटरच्या चर्चला दिली. तो 1072मध्ये वारला. तिच्यात नव्वदाहून जास्त कोडी आहेत आणि त्यांत वस्तू स्वतः बोलतात. एकात चर्मपत्र सांगतं: वैऱ्यानं माझा जीव घेतला, पाण्यात भिजवलं, उन्हात वाळवलं, माझे केस गळले, सुरीनं मला तासलं, मग पाखराच्या पिसानं माझ्यावर काळे माग उमटवले. दुसऱ्या एकात कांदा आहे. तो हातात धरणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी येतं. आपल्या वाह्यात कोड्यांसारखीच त्याची गंमत दुहेरी अर्थात आहे. तुमचा मुलगा गाणी रचणारा आहे ना? त्याची पहिली रचना असं एखादं कोडंच असू द्या, नांगराबद्दलचं. त्या पोथीत नांगराचंही कोडं आहे.

गाण्याची ओढ आणि गुराढोरांचं काम यांचा मेळ कसा घालायचा, यासाठी कॅडमनची गोष्ट वाचा. बीड या मठवासी इतिहासकारानं 731मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासात ती आहे. मेजवानीत हार्प, म्हणजे गाण्याच्या साथीचं तंतुवाद्य, हातोहात फिरायला लागली की कॅडमन उठून निघून जायचा, कारण त्याला गाता येत नसे. अशाच एका रात्री तो गुरं राखायला गोठ्यात गेला आणि स्वप्नात त्याला गाणं मिळालं. याच बीडनं 735मध्ये मरताना आपल्या पेटीतल्या ज्या मोजक्या चिजा सोबत्यांना वाटल्या, त्यांत मिरी होती. ती आपल्या मलबारकडून निघालेली. एवढ्या एका वस्तूवर एक प्रकरण लिहिता येईल.

इतिहासाची पुस्तकं कुठे लागतात? पैसा, कायदा, वेळ यांसाठी. माझ्या पहिल्या हस्तलिखितात एक व्यापारी टेबलावर ‘शिलिंग फेकतो’ असं वाक्य होतं. एका जुन्या विद्यार्थ्यानं छापण्याआधी दाखवलं की तेव्हा शिलिंग हिशेबात असे, हातात नसे. त्याचं नाणं थेट ट्यूडर राजांच्या काळात, म्हणजे जवळजवळ पाचशे वर्षांनी, पाडलं गेलं. चलनात होती चांदीची पेनी, आणि सुट्टे हवे असले की ती कापून अर्धी किंवा चतकोर करत. ते वाक्य मी बदललं. व्यापारी आता कातरीनं पेनी कापतो आणि समोरची बाई तुकडे सारखे आहेत का ते बघते. चूक सुधारताना प्रसंगच चांगला झाला.

कायद्यातला एक शब्द तर मराठीत तयारच आहे. आरोपीला तापलेलं लोखंड हातात घेऊन नऊ फुटांचं अंतर चालायला लावत, हात बांधून ठेवत आणि तिसऱ्या दिवशी सोडून जखम चिघळली की नाही ते बघत. आपल्याकडे तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा काढायचं रवादिव्य होतं. त्यामुळे ‘दिव्य’ हा शब्द बिनधास्त वापरा. तिथे फक्त शब्द जुळत नाही, रीतच जुळते.

मुळातून वाचायचं की अनुवादातून? वेळ असेल तर तीन महिने व्याकरण शिका. तीन लिंगं आणि विभक्तीचे प्रत्यय यांची मराठी माणसाला भीती वाटायचं कारण नाही. त्या भाषेत सूर्य स्त्रीलिंगी आहे आणि चंद्र पुल्लिंगी. तुमच्या मुलाच्या मनात सूर्य ‘ती’ असेल, हे कळलं तरी पहाटेचं वर्णन बदलतं. वेळ नसेल तर समोरासमोर मूळ मजकूर असलेला गद्य अनुवाद घ्या आणि मूळ ओळी निदान मोठ्यानं वाचून बघा, अनुप्रासाचा ठोका कानात बसतो. फक्त काळ मिसळू नका. चॉसर या कवीची कँटरबरीच्या यात्रेवरची रचना बिर्टनॉथनंतर जवळजवळ चारशे वर्षांनी लिहिली गेली. तिच्यातली सराई, तिच्यातले कपडे, तिच्यातला विनोद 991मध्ये चालणार नाही.

तुमचं ते पहिलं वाक्य मी असं लिहीन: ‘धनी, तुझ्या बाकावर बसून मी प्यालो. तेव्हा बोललो ते ध्यानात आहे.’

आणि पुढचं काही लिहिण्याआधी एक गोष्ट ठरवा, कारण प्रश्नात ती कुठेच आलेली नाही. नायकाचा बाप मोकळा आहे की गुलाम? मोकळ्या शेतकऱ्याला कुणी मारलं तर त्याच्या जिवाची भरपाई 200 शिलिंग ठरलेली असे, थेन म्हणवणाऱ्या जमीनदाराची 1200. गुलामाच्या जिवाची भरपाई नातलगांना मिळत नसे. त्याची किंमत असे आणि ती धन्याला मिळे. मॉल्डनच्या कवितेत डुन्नेरे नावाचा एक साधा शेतकरी भाला हलवून दोन ओळी बोलतो, पण तो मोकळा माणूस आहे. तुमचा मुलगा त्याच्या शेजारी उभा राहू शकतो की नाही, हे बापाच्या उत्तरावर ठरेल. ते ठरलं की पहिल्या प्रकरणाची दोन-तीन पानं इथेच टाका, मी लाल पेन्सिल घेऊन वाचीन.